फवाऱ्याला कुंकू

प्रमिलाला धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली तेव्हा अभिमन नानांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी मुलगी धुळ्याला जाणार नाही असं जाहीर केलं. पेढे नोकरी लागल्याचे होते, नोकरी करण्याचे नव्हते. हजर व्हायचं होतं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी गेली नाही तर जागा दुसऱ्याला मिळणार होती.

"परकं गाव शे ते," नाना म्हणाले. "स्टँडवर कोणी आडवा उना तं काय करशी तू?"

"ओरडेन."

"आनि मंग?"

या 'मंग'चं उत्तर छगनमामांनी आणलं. प्रमिलाच्या आईचे, कुंदाबाईंचे, हे भाऊ भुसावळला रेल्वेत गार्ड होते. मुंबईला गेले की फुटपाथवरून परदेशी वस्तू घेऊन यायच्या, हा त्यांचा नाद. या वेळी त्यांनी बोटाएवढी काळी डबी आणली. डोक्यावरचा खटका फिरवायचा, बटण दाबायचं, की समोरच्याच्या तोंडावर मिरचीचा फवारा.

नानांनी डबी हातात तोलून पाहिली. "हाई खरं शस्त्र शे!" ते म्हणाले आणि परवानगी देऊन टाकली. अट एकच, डबी जवळ असल्याशिवाय धुळ्यात पाऊल टाकायचं नाही.

डबीबरोबर इंग्रजी कागद होता. तो घरात फक्त प्रमिलाने वाचला. "नाना, हे मारामारी करायला नाही. वारा आपल्या पाठीकडून पाहिजे. हात लांब धरायचा, फवारा मारायचा आणि आपण पळून जायचं. डोळ्यांत गेलंच तर चोळायचं नाही, थंड पाण्यानं धूत राहायचं."

"माले मिरची शिकाडस तू?" नाना हसले. हसणारच. त्यांची पिठाची गिरणी होती आणि बाजूला मिरची कांडायचा डंक. उन्हाळ्यात अर्धं जळगाव त्यांच्या दारात शिंकत उभं असायचं आणि नाना आत उघड्या तोंडाने चहा प्यायचे. "माले मिरची काय करी?"

दसऱ्याला गिरणी धुऊन पुसून झाली. पाटावर नट आवळायचे पाने, हातोडी, वजनं, तराजू अशी मांडामांड झाली. मधोमध नानांनी डबी ठेवली. शस्त्रपूजा म्हटल्यावर घरातलं एकमेव शस्त्र वगळून कसं चालेल?

"खटका का फिरवला?" कुंदाबाईंनी विचारलं.

"शस्त्र म्यानमाईन काढीसनच पूजतस."

हे बरोबरच होतं. पूजेतल्या वस्तूचं तोंड पूजा करणाऱ्याकडे ठेवतात, म्हणून डबीचं भोक नानांनी स्वतःकडे केलं, हेही बरोबर. आणि कुंकू कपाळाला लावतात. डबीला कपाळ म्हणावं अशी एकच जागा होती. नानांनी अनामिकेने बटणावर कुंकू टेकवलं. बटण हललं. कुंकू नीट उठावं म्हणून त्यांनी डबी डाव्या हातात घट्ट धरली, तोंडाजवळ आणली आणि जरा जोर दिला.

"मना डोया ग्यात!"

नाना ओरडले खरे, पण बोट बटणावरच राहिलं. डबी रिकामी झाली तेव्हाच ते सुटलं. उरलेलं काम छताच्या पंख्याने केलं. नेमके त्याच वेळी शेजारचे किराणावाले सुरेशचंद आणि त्यांच्या पत्नी चंदनबाई आपट्याची पानं घेऊन दारात आले. "सोनं घ्या" म्हणायला सुरेशचंदांनी तोंड उघडलं आणि सलग शिंकायला लागले. पानं उंबऱ्यावर सांडली.

"नानाभाऊ, दसरे के दिन मिरची कांडता काय?"

गल्लीत कोणीतरी "सिलिंडर फुटला" म्हणालं. मग एका समजदार शेजाऱ्याने बाहेरून मेन स्विच बंद केला. पंखा थांबला आणि बाहेर चाललेली मिरची घरातच मुक्कामाला राहिली. कुंदाबाई खोकत खोकत देवाचं नाव घेत होत्या, ते नाव काही पुरं होत नव्हतं.

"तेल आन!" नाना ओरडले. डंकावर हात जळजळले की गोडेतेल चोळायचं, हा त्यांचा जन्माचा अनुभव. कुंदाबाईंनी तेल दिलं. नानांनी ते डोळ्यांना चोळलं. दुसरी किंकाळी पहिलीपेक्षा पुष्कळ मोठी निघाली.

प्रमिला परसातून धावत आली. तिने तोंडाला ओला पदर बांधला, आईला आणि चंदनबाईंना हाताला धरून बाहेर वाऱ्यावर उभं केलं, नानांना नळाखाली बसवलं आणि साबण लावून तोंड धुवायला घेतलं.

"चोळू नका!"

"मी चोयत नई!" नाना चोळत म्हणाले.

डॉक्टरांनी औषध घातलं, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि उद्या संध्याकाळपर्यंत काढायची नाही म्हणून बजावलं. घरी आल्यावर नानांनी आधी डबी हलवून पाहिली. ती रिकामी होती.

"डबी सरनी," ते म्हणाले. "आते धुळं बंद."

प्रमिलाने भरलेली बॅग उघडली आणि एकेक साडी बाहेर काढायला लागली. वाद घालायचा तर कोणाशी? ज्याला दिसतही नाही त्याच्याशी? तेवढ्यात कुंदाबाईंनी ती साडी परत बॅगेत ठेवली.

"तुमनाजोडे शस्त्र व्हतं, तरी काय व्हयनं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरजोडे काईच नव्हतं, तरी तिनीच आपले बठ्ठासले बाहेर काढं. ती सकायले जाई."

नानांनी डबी पुन्हा एकदा हलवून पाहिली. मग म्हणाले, "जाऊ दे. पन मी संगे येस. पोरले एकटी कशी सोडू?"

सकाळच्या एस.टी.त प्रमिलाने त्यांना चढवलं, बसवलं, तिकीट काढलं. पारोळ्याला चहा पाजला. धुळ्याच्या स्टँडवर नानांनी तिचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "कोणी पाही राह्यना का?"

"सगळेच पाहताहेत, नाना. तुमच्याकडे."

कचेरीची वेळ होत आली होती. जळगावची गाडी फलाटाला लागली, तेव्हा प्रमिलाने नानांना खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरला गाठलं.

"दादा, हे एकटेच आहेत. वाटेत कोणाबरोबर उतरू देऊ नका. जळगावला आई घ्यायला येईल, तिच्याच हातात द्या."

"काळजी करू नका, ताई."

"नाना, पोहोचलात की सुरेशचंदकाकांच्या दुकानातून कचेरीत फोन करा. अनोळखी माणसाशी बोलत बसू नका."

"बरं," नाना म्हणाले.

गाडी हलली. खिडकीतून नानांचा हात बाहेर आला आणि निरोपाला हलायला लागला. पण प्रमिला जिथे उभी होती त्याच्या नेमक्या उलट दिशेला, मुतारीच्या रांगेतल्या माणसांकडे. त्यातल्या दोघा-तिघांनी नानांना परत हात केला.