दाऊदभाईंची न संपणारी चाचणी

दाऊदभाई उंदरांचं जेवण आधी स्वतः चाखायचे. विष कालवण्यापूर्वी, अर्थात. भरडलेला गहू तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तेल खवट हाय. पावना ताटावरून उठंल." कतारमध्ये, दोह्यात उंदीर-झुरळं मारणाऱ्या आमच्या कंपनीत त्यांना सगळे 'उंदरांचा खानसामा' म्हणत. मीही म्हणायचो. सुपरवायझर होतो ना त्यांचा!

माणूस रत्नागिरीकडचा. काम एकच: नवं आमिष आलं की गोदामातल्या पिंजऱ्यात त्याची चाचणी घ्यायची. दोन ताटल्या, एकीत साधा गहू, दुसरीत आमिष. रोज सकाळी दोन्ही तोलायच्या आणि जागा बदलायच्या. "उंदरालापन डावा-उजवा असतो, साहेब." शेजारच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना तुलनेसाठी नुसता गहू. चाचणी संपली की तेही मारायचे, असा नियम. पण दाऊदभाईंची चाचणी संपेल तर शपथ! त्या पिंजऱ्यावर कायम चिठ्ठी: 'चाचणी चालू'. मॅनेजर ओरडायचा, "यल्ला, खलास करो!" हे शांतपणे म्हणायचे, "इन्शाल्ला."

मग ते नवं आमिष आलं, कारखान्यातूनच विष घालून. दाऊदभाईंनी नुसतं हुंगलं. "मासळीचा वास हाय. मांजर खाईल, साहेब. उघड्यावर ठेवू नका. आठ दिवस द्या, बंद पेटीत घालून बघतो."

मला मदिनत खलीफा भागातल्या एका व्हिलाचं काम तीन दिवसांत उरकायचं होतं. महिन्याभराच्या कोऱ्या फॉर्मवर आधीच सह्या घेऊन ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. दाऊदभाईंच्या सहीच्या वर मी लिहिलं: 'चाचणी पूर्ण. उघड्यावर वापरण्यास योग्य.'

व्हिलातल्या मुलांचं मांजर मेलं.

मॅनेजरनं दाऊदभाईंपुढे फॉर्म नाचवला. त्यांनी अक्षर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात बघत बसलो.

"सही माजीच हाय," ते म्हणाले.

व्हिसा रद्द. आठवड्यात रवानगी. आणि आमची मराठी मंडळी अजून जेवणावळीत हसत सांगतात, "तो मांजर मारणारा येडा आठवतो का?" अरे, लाज कशी वाटत नाही? मांजर मी मारलं! नीट काम करणाऱ्याला वेडा ठरवायचं आणि खोटं लिहिणाऱ्याला बढती द्यायची, हा कुठला न्याय? बढती मलाच मिळाली, म्हणून विचारतो. इतकी वर्षं ते हसणं मी ऐकून घेतलं. आता पुरे.

जाताना दाऊदभाईंनी मला बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "गव्हाच्या पिंजऱ्यातल्या दोघांना दाणा भिजवून घाला, साहेब. दात गेलेत त्यांचे."

चाचणीतल्या उंदरांचे दात कसले जातात? ते इतके जगतात कुठे? मी गोदामात गेलो. दोन म्हातारे, गलेलठ्ठ उंदीर एकमेकांना टेकून बसले होते. पिंजऱ्यावरची चिठ्ठी जाड लागली म्हणून नखानं उचकटली. खाली दुसरी चिठ्ठी. तिच्याखाली तिसरी. शेवटची दीड वर्षापूर्वीची. सगळ्यांवर तेच: 'चाचणी चालू'.

मागून मॅनेजर ओरडला, "वो पिंजरा आज खाली करो!"

मी गहू भिजत घातला. मग नवी चिठ्ठी घेतली, 'चाचणी चालू' लिहिलं आणि खाली माझी स्वतःची सही केली.