चौथं कलम

कणकेच्या कवचात भोपळ्याचं सारण भरून भाजलेल्या दोन गोड पाई करायच्या, एक साखरेची आणि एक बिनसाखरेची, आणि कोणती कुठली हे पट्टीच्या खवय्यालाही ओळखता येणार नाही, असं तिने प्रयोगशाळेत सर्वांदेखत सांगून टाकलं होतं. पाण्याचे नमुने तपासायच्या त्या नोकरीत तिला सहा महिने होत आले होते. कायम करण्याचा कागद प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या खणात सहीविना पडून होता. शरदातल्या मेळाव्याला जो तो घरून काहीबाही करून आणी; तिने प्रयोगच न्यायचं ठरवलं.

प्रयोग म्हटला की काटेकोर हवा. दोन्ही सारणं तिने ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजून केली, पातेली वडिलांच्या ताब्यात दिली आणि ती स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहिली. कोणतं सारण कोणत्या ताटलीत, हे तिला कळता कामा नव्हतं. तिचा चेहरा म्हणजे काचेची बरणी. आत काय आहे ते रस्त्यावरच्या माणसालाही दिसे. वडील छत्तीस वर्षं एका कचेरीचं दप्तर सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं लेखी मागितलं. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत गुपित कसं राखायचं याची तिने हौसेने पाच कलमं लिहिली आणि खाली सही ठोकली.

मेळाव्याला अर्धा तास उरला असताना मोठ्या बाई तिच्या टेबलापाशी आल्या. कालच रक्त तपासलं, साखर भलतीच वाढलेली निघाली, डॉक्टरांनी गोड बंद केलं, असं सांगून म्हणाल्या, “तुझ्या बिनसाखरेच्या पाईने अब्रू राखली बघ. मला त्यातलाच तुकडा दे. मोठा.”

दोन्ही पाई जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. तिने काचेची नळी दोन्हींच्या मधोमध खुपसली आणि दोन्हींची चव घेतली. तंतोतंत सारखी. आयुष्यातला पहिला यशस्वी प्रयोग, आणि तोच गळ्याशी आला. बाईंना खरं सांगावं, तर स्वतःच्या दोन नमुन्यांची ओळख ज्या मुलीला नाही तिच्या हाती पाण्याच्या हजार बाटल्या कोण देणार?

तिने घरी फोन लावला.

“बाबा, साखरेची कोणती ते सांगा.”

“सगळ्यांचं खाऊन झालं?”

“नाही हो. आमच्या बाईंना मधुमेह निघालाय.”

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. “कलम चार,” वडील वाचू लागले. “मी गयावया केली, रडले किंवा कुणाच्या आजारपणाची सबब सांगितली, तरी सांगू नये. खाली तुझी सही आहे.”

“बाबा, ते मी गमतीत लिहिलं होतं.”

“मग तसं पाचव्या कलमात लिहायचं होतंस.” मग जरा मऊ आवाजात ते म्हणाले, की खूण तळाशी ठेवली आहे, पाई संपली की आपोआप सापडेल.

दोन्ही ताटल्या उचलून ती बाटल्या धुवायच्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं. आधी सुरीच्या पात्याने पहिली पाई अलगद उचलायला गेली; कवचाचे तीन तुकडे झाले. मग अलगदपणा सोडून ती डावाने खणू लागली. कोपरापर्यंत भोपळा माखल्यावर तळाशी कागदी पुडी लागली. आत वडिलांचं मोत्यासारखं अक्षर होतं: ‘नमुना क्रमांक दोन. खुलाशासाठी घरचे दप्तर चार, पान अकरा पाहावे.’

तिने दुसरी पाई उकरली. ‘नमुना क्रमांक एक. खुलाशासाठी नमुना क्रमांक दोन पाहावा.’

“केवढा तुकडा काढते आहेस?” दारातून बाईंनी विचारलं.

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. कलमं, सही, फोन, सगळं तिने एका दमात सांगितलं. बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या पुसून पुन्हा पुन्हा वाचल्या आणि तिला आपल्या खोलीत नेलं. खण उघडला. तिचा कागद सगळ्यांत वर होता. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी तो कागद बाजूला सारला आणि खालून नोकरीचा एक कोरा अर्ज काढला.

“तुझं नंतर पाहू,” त्या म्हणाल्या. “वडिलांचं पूर्ण नाव सांग.”