गाडीखाली पाणी

मेश्राम सर रोज सकाळी सातला माझ्या गाडीखाली बादलीभर पाणी ओतायचे. गाडीवर नव्हे, खाली. नव्या गाडीच्या पहिल्याच सकाळी हे पाहून मला वाटलं, शेजारधर्म असावा. मी चक्क थँक्यू म्हणालो.

"तुमच्यासाठी नाही बाप्पा, बुचासाठी."

बुचाचं झाड चांगलं दहा-बारा फुटांवर होतं. "मग बुंध्याशी घाला ना."

"बुंधा ही नळी आहे. तोंडं मुळांच्या टोकाला. आणि टोकं तुमच्या गाडीखाली!"

सर मूळचे भंडाऱ्याचे. पुण्यात जन्मभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत त्यांच्यासमोर 'झाडात पाणी वर चढतं' असं म्हणायची सोय नव्हती. "चढत नाही! पानं ओढतात!" हे त्यांनी जिन्यात ऐकवलं, पार्किंगमध्ये ऐकवलं, एकदा तर मयताला जमलेल्या लोकांतही ऐकवलं. टाकीची मोटर जळाली तेव्हा मीटिंगमध्ये उठून म्हणाले, "बुचाकडे कुठे मोटर आहे? तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी नेतं. आवाज तरी येतो काय?" सगळे हसले आणि नवी मोटर मंजूर झाली.

पानं किती पाणी सोडतात ते दाखवायला त्यांनी एका फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. संध्याकाळी तीत पाणी साचलेलं पाहून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना करणीचा संशय आला. त्यांनी वॉचमनकडून पिशवी काढवली आणि वर नारळ फोडला. 

मग हिंजवडीच्या नोकऱ्या लागल्या आणि एका वर्षात सोसायटीत सात गाड्या आल्या. मातीच्या अंगणात चिखल व्हायचा. मी सेक्रेटरी, पेव्हर ब्लॉकचा ठराव मीच मांडला.

"एक जागा मोकळी सोडा," सर म्हणाले. "तुमच्या गाडीची."

"मग मी गाडी कुठे लावू?"

सर खाली बसले. मला तेव्हा फार हुशार असल्यासारखं वाटलं होतं, आता त्याची लाज वाटते.

ब्लॉक बसले. बादलीतलं पाणी त्यांच्यावरून वाहत सरळ गटारात जाऊ लागलं. सरांनी एकाच्या दोन बादल्या केल्या. टायर ओले होतात म्हणून मी एकदा कुरकुरलोही.

तिसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. "शेंडा आधी जातो," सर म्हणाले. पुढच्या वर्षी मधल्या फांद्या गेल्या. एक फांदी कोसळून गाडीची काच फुटली, तसा झाड तोडायचा अर्ज तयार झाला. सगळ्यांच्या सह्या झाल्या, एक राहिली, सरांची. ती घ्यायला मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मेश्राम काकू खाली येत नाहीत, एवढंच मला माहीत होतं. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलेलं आहे आणि त्यांची कॉट खिडकीला लागून आहे, हे मी त्या दिवशी पाहिलं. पाठीशी चार उशा होत्या.

"पूर्वी एक पुरायची," सर हळूच म्हणाले.

मला कळलं नाही. मग मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर नुसत्या काटक्या होत्या. उरलेला हिरवा भाग पार खाली, दुसऱ्या मजल्याच्याही खाली होता. तो दिसायचा तर माणसाला उंच बसवावं लागत होतं.

"सेक्रेटरी ना तुम्ही?" काकूंची जीभ जड झाली होती. "हे रोज पाणी घालतात. वर चढते ना हो?"

सर माझ्याकडे बघत होते. अर्ज माझ्या खिशात होता.

"चढतंय, काकू," मी म्हणालो. "भरपूर चढतंय."

सरांनी माझं वाक्य दुरुस्त केलं नाही. त्यांनी काकूंच्या पाठीमागची उशी थोडी वर सरकवली.