काळ्या लोखंडाचा भरवसा

“हात लोण्यासारखा आहे हो तुमचा!”

हे वाक्य जावईबापूंनी ऐकलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर भरपूर केस होते. लग्न ठरवायला गेले होते. होणाऱ्या सासऱ्यांनी त्यांचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बाजारात वांगं दाबून बघावं तसा दाबला आणि चारचौघांत निकाल देऊन टाकला. सासरे म्हणजे लोहार! भट्टी केव्हाच थंड झालेली, पण दरारा अजून धगधगता. आणि जावईबापू विमा कचेरीत. हातोडीच्या कुळातलं एकच हत्यार त्यांनी जन्मात चालवलं होतं, ते म्हणजे रबरी शिक्का.

पुढे केस गेले, वाक्य राहिलं. बरणीचं झाकण उघडलं नाही की ते वाक्य कानाशी. खिळा ठोकताना वाकला की ते वाक्य कानाशी. सासरे मात्र पुन्हा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत, आणि न बोललेलं माणूस किती मोठ्यानं ऐकतं ते जावईबापूंनाच विचारावं.

म्हणून, “आईबाबा येताहेत, आता आपल्याकडेच राहतील,” असं बायकोनं सांगितल्याबरोबर जावईबापू ताठ उभे राहिले.

“येऊ देत! तुझ्या वडिलांची काठी या दारामागे टांगली जाईल. मी घडवलेल्या हुकावर! मी! माझ्या हातानं!”

बायकोनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. हीही त्याच घरातली!

झालं. मोबाइलवर लोहारकामाचे व्हिडिओ बघून बघून जावईबापूंच्या डोळ्यांखाली काजळी आली, आणि एक दिवस कचेरीच्या पिशवीत हातोडी आणि बेअरिंगची एक गोळी घालून ते जुन्या सामानाच्या दुकानात शिरले. दुकानदाराला सगळे गंजशेठ म्हणत. माणूस इतका जुना आणि तांबूस होता की तोही विकायला ठेवलाय की काय अशी शंका यावी.

कोपऱ्यात, मोडक्या पलंगांच्या खाली, ऐरण बसली होती. माहेरी विसरून राहिलेल्या लेकीसारखी, मुकाट.

“जुनी ऐरण वाजवून घ्यायची असते,” जावईबापू म्हणाले. “खणखणली तर जिवंत. बद्द वाजली तर आत भेग.”

“वाजवा की. पण तुम्ही कोण? वादक?”

जावईबापूंनी हातोडी मारली. आणि काय सांगावं! त्या काळ्या दगडासारख्या धुडातून असा लख्ख, लांबच लांब सूर निघाला की गंजशेठच्या छपरावरची कबुतरं उडाली आणि त्यांच्याबरोबर जावईबापूंचं मनही. हर्षाच्या भरात त्यांनी दुसरीही परीक्षा घेतली. पोलादी गोळी ऐरणीवर सोडायची. जितकी उंच उडेल तितकी ऐरण कणखर. ऐरण फारच कणखर निघाली. गोळी उडाली ती थेट गंजशेठच्या चहाच्या पेल्यात.

“पसंत आहे,” जावईबापू घाईघाईनं म्हणाले.

“पसंत नसती तरी आता न्यावीच लागली असती,” गंजशेठ शर्ट पुसत म्हणाले. वर एक सांडशी, एक घण आणि हातानं फिरवायचा भाताही त्यांनी गळ्यात मारला. सांडशीचे जबडे म्हाताऱ्याच्या कवळीसारखे खुळखुळत होते. “वापराल तशी घट्ट होईल,” गंजशेठ म्हणाले. असं सांगून त्यांनी आजवर काय काय विकलं असेल!

टेम्पोवाल्यानं ऐरण चढवताना विचारलं, “साहेब, हे काय, तुमचं नशीब का?”

“का हो?”

“हलत नाही म्हणून विचारलं.”

मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ऐरण लाकडी ओंडक्यावर बसली. जावईबापूंनी कोळसे रचले आणि भात्याचा दांडा गरगरा फिरवला. आता, जुना भाता घेताना आधी उघडून झाडावा, हे त्या व्हिडिओत होतं. पण ते अगदी शेवटी होतं, आणि तिथपर्यंत जावईबापूंना दम कुठला! भात्यानं आधी एक उंदराचं घरटं ओकलं. मग मागच्या मालकाची सगळी राख. मग त्याच्या मागच्या मालकाची. कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंच्या पांढऱ्याशुभ्र चादरी दोरीवर डुलत होत्या. होत्या, म्हणजे पांढऱ्या होत्या.

“अहो विमावाले!” काकूंचा आवाज कुंपण ओलांडून आला. “चादरींचा विमा उतरवता का तुम्ही?”

तोही प्रसंग चादरी धुऊन देण्यावर निभावला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून जावईबापूंनी लोखंडाची कांब लाल केली, ऐरणीवर ठेवली आणि हाणली. टण्ण! टण्ण! टण्ण! अहाहा! अंगणभर सूर! आणि पाठोपाठ दुसराच कल्लोळ. गल्लीच्या टोकाला शाळा होती. तिची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. आणि त्या तुकड्याचा आणि या ऐरणीचा सूर सख्ख्या बहिणींचा! सगळी शाळा दप्तरं पाठीला लावून आरोळ्या ठोकत रस्त्यावर आली होती.

कल्लोळामागोमाग मुख्याध्यापिकाबाई आल्या.

“शाळा सोडण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

“बाई, मी नुसता हूक...”

“अर्धी शाळा घरी पोचली! गणिताचा पेपर चालू होता!”

“मुलं खूश असतील,” जावईबापू चाचरत म्हणाले. हे बोलायला नको होतं.

मग ऐरणीच्या कमरेला जाड साखळी गुंडाळली. साखळीनं सूर दबतो. आता ती सर्दी झाल्यासारखी ‘ठक ठक’ बोलू लागली आणि जावईबापू तिच्यासमोर चोरासारखे वावरू लागले. कांब तापवावी तर बाहेर काढेपर्यंत निवायची. जास्त तापवावी तर टोकच जळून जायचं. एक हूक गांडुळासारखा झाला, एक प्रश्नचिन्हासारखा, आणि एक तर काय झाला ते ओळखूच येईना. बायकोनं तो कुंडीखाली घातला. इकडे दिवस सरत होते. जावईबापूंना स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात सासरे यायचे, दारामागे बघायचे, हूक दिसायचा नाही, आणि मग ते जावईबापूंचा हात हातात घेऊन पोळीला लावायला लागायचे!

पाहुणे यायच्या दिवशी मात्र लोखंडाला दया आली. सकाळचं ऊन शेडमध्ये तिरपं उतरलं होतं, कांब उगवत्या सूर्यासारखी लाल झाली होती, आणि हातोडीखाली ती मऊ, समजूतदार लेकरासारखी वळत गेली. वर एक बाक, खाली एक बाक. वरचा खिळ्यात अडकवायचा, खालच्यात काठी. हूक झाला! जावईबापूंचे डोळे भरून आले. त्यांनी तो ऐरणीवर ठेवला. लाली उतरली, करडेपणा आला, काळा झाला.

तेवढ्यात पुढच्या दारात रिक्षा थांबली.

“अहो, आईबाबा आले! लवकरच आले!”

जावईबापू ऐरणीकडे वळले. त्यांनी सांडशीत हूक धरला, मागच्या दारानं धावत पुढच्या खोलीत आले, दारामागच्या खिळ्यात अडकवला आणि सांडशी पाठीशी लपवून हसत उभे राहिले. पाण्यात बुडवायचा राहिलाच!

सासरे आत आले. वयानं वाकले होते, पण नजर तीच, वांगं पारखणारी. मागोमाग सासूबाई, बारीक चणीच्या, पदर खोचलेल्या, पिशव्या स्वतःच उचलून आणणाऱ्या.

“बाबा, दारामागे बघा!” बायको उत्साहानं म्हणाली. “यांनी घडवलाय! स्वतः!”

सासऱ्यांनी हुकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “असं? कधी घडवलात?”

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण ‘आत्ता, घाईघाईत, कसाबसा’ असं सांगायला जीभ वळेना.

“झाला की महिना!” जावईबापू म्हणाले. “मी अधूनमधून करत असतो असं काहीबाही.”

“मग टांगा ना काठी,” बायको म्हणाली.

“नको!” जावईबापू किंचाळले.

सगळे दचकले.

“म्हणजे... काठी हातातच शोभते! माणसाला आधार हवा. आल्या आल्या आधार काढून घेऊ नये.”

“अहो, आठवडाभर जेवला नाहीत ज्याच्यापायी, त्यावर काठी टांगू देत नाही म्हणजे काय?” बायको चिडली.

“महिनाभर,” जावईबापू कसनुसं हसत म्हणाले. “हूक अजून नवा आहे. त्याला सवय नाही. आधी पाणी प्या. आधी बसा. आधी अंघोळ करा!”

पाठीमागे सांडशी खुळखुळत होती. घाम नाकावरून टपकत होता. हूक काळाभोर, शांत, साळसूद लोंबत होता.

“सरका हो,” सासरे म्हणाले आणि त्यांनी काठीची मूठ हुकात अडकवली.

क्षणभर काहीच झालं नाही. जावईबापूंनी देवाचे आभार मानायला सुरुवात केली. ती पुरी व्हायच्या आत बायकोनं नाक वर केलं.

“काहीतरी जळतंय. अगंबाई, दूध!” ती स्वयंपाकघरात धावली.

दूध नव्हतं. काठीच्या मुठीतून निळसर धुराची एक नाजूक रेघ वर चालली होती.

“अरेच्चा, माझी काठी!” सासऱ्यांनी हुकाकडे हात नेला.

“हात लावू नका!”

हा आवाज जावईबापूंचा नव्हता. त्यांचा आवाज कधीच गेला होता. सासूबाईंनी एका ढांगेत खोली ओलांडली, काठी ओढून बाजूला फेकली, जावईबापूंच्या पाठीमागून सांडशी अशी काढून घेतली जशी लेकराच्या हातातली कात्री, आणि हूक उचलून तरातरा मागच्या अंगणात गेल्या. बादलीत चर्रर्र झालं. वाफ उसळली. त्या वाफेतून त्यांचा स्वर आला, अर्धा बोल, अर्धं गाणं:

“लाल लोखंड लाजरं बाई,
काळ्याचा भरवसा धरू नाही!”

सगळे दारात गोळा झाले. सासूबाई हूक उन्हात धरून बघत होत्या.

“महिन्यापूर्वीचा आहे म्हणालात ना?” त्या म्हणाल्या. “अजून ताप उतरला नाही हो याचा.”

जावईबापूंना वाटलं, भट्टीत उडी घ्यावी. पण ती नेमकी विझत आली होती.

“खालचा बाक चांगला जमलाय,” सासूबाई पुढे म्हणाल्या. “वरचा उलगडेल. आणि या बिचारीला साखळदंड कशाला?” त्यांनी ऐरणीची साखळी सोडली, पदर घट्ट केला, हूक निखाऱ्यांत खुपसला. “भाता फिरवा जावईबापू. सावकाश. लोखंड आहे, सरबत नाही.”

हूक लाल झाला. सासूबाईंनी घण उचलला. त्या काडीएवढ्या बाईनं तो असा फिरवला, जसा कुणी पदराचा वारा घ्यावा. टण्ण! टण्ण! टण्ण!

गल्लीच्या टोकाला शाळा आनंदानं ओरडत फुटली.

“आई!” बायको डोळे विस्फारून म्हणाली. “तू? तुला हे येतं? मला कधी सांगितलं नाहीस!”

“तू जन्मलीस आणि भट्टी बंद केली. नंतर कुणी विचारलं?” टण्ण!

जावईबापू भाता फिरवता फिरवता सासऱ्यांकडे बघत राहिले. सासरे जळक्या मुठीची काठी टेकत त्यांच्याशेजारी येऊन बसले, आणि सहज, जणू जन्माची सवय असावी तसा, त्यांनी भात्याच्या दांड्याला हात लावला. दोघांचे हात एकाच दांड्यावर. जावईबापूंनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. म्हाताऱ्याच्या तळहातावर ना घट्टा, ना चरा.

“भट्टी हिच्या वडिलांची,” सासरे खाली बघत म्हणाले. “मी घरजावई. घण ही मारायची. मी भाता ओढायचो, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचो.”

कुंपणापलीकडून मुख्याध्यापिकाबाईंच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. सासऱ्यांनी घसा साफ केला.

“आणि ते लोण्याच्या हाताचं... ते माझं नव्हतं हो जावईबापू. माझे सासरे मला म्हणाले होते, भर मांडवात. एवढी वर्षं मनात डाचत होतं. तुम्ही दिसलात, तुमचा हात हातात घेतला, आणि म्हटलं, चला, हे वाक्य एकदाचं देऊन टाकावं कुणाला तरी!”