जबानीशिवाय चाक निघत नाही

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी, तालुक्यातल्या सहकारी दूध संघाची जीप केजच्या एका गॅरेजात दुपारभर अडवून ठेवण्यात आली. जीपचा एक स्टड, म्हणजे चाक धरून ठेवणारा हबवरचा बोल्ट, तुटला होता. तो बदलायला फार वेळ लागत नाही. वेळ लागला, कारण ड्रायव्हर खोटे बोलत होता.

"कसा तुटला?" मुरलीधर मिस्त्रींनी विचारले.

"आपोआप."

"आपोआप कायबी तुटत न्हाई बे. बस तिथं."

संघाचे अध्यक्ष जीपमध्येच होते. त्यांना चारा छावणीच्या बैठकीला जायचे होते. "मिस्त्री, लोकं खोळंबलेत," ते म्हणाले.

"तुमी चहा घ्या, साहेब. गुन्हा ह्याचा हाय."

ऊन कलले तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "उडी मारली."

"कशावर?"

"पान्यावर."

"हां. आता बोलला." आणि मिस्त्री जॅक आणायला उठले.

जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलटे फिरतात. ड्रायव्हर हे विसरतो, नट सुटेना म्हणून पान्यावर चढून उडी मारतो, स्टड तुटतो. मग तो लाजेने काहीही सांगतो. हे सगळे मिस्त्रींना चाक पाहताच कळत असे. तरी जबानी झाल्याशिवाय ते हात लावत नसत. गावात त्यांना फौजदार म्हणत. मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. माझ्या बातम्यांपेक्षा त्यांची चौकशी कडक होती.

तुटका स्टड वेल्डिंगने जोडून द्या, असे कुणी म्हटले की ते विचारत, "थुंकी लावून देऊ का?" ते हबचे भोक रुंद करत, लेथवर करून घेतलेला जाड स्टड मागून ठोकून बसवत आणि उलटे आटे कायमचे काढून सुलटे करत. "आता कुणाला खोटं बोलायची पाळी न्हाई." जाड नटांना दुसरा कुठलाच पाना लागत नसे, म्हणून प्रत्येक गाडीसोबत ते एक पाना देत. लग्नाला गेले तर मांडवात कमी आणि वऱ्हाडाच्या जीपांपाशी जास्त दिसत. एकदा नवरदेवाला खाली उतरवून त्यांनी नट आवळले होते.

स्वतःच्या घराबद्दल मात्र जबानी नव्हती. धाकटा भाऊ बबन केज-अंबाजोगाई वडाप करायचा, म्हणजे जीपमधून प्रवासी न्यायचा. दोघांत कित्येक वर्षे बोलणे नव्हते. कारण काय, ते तीन माणसांनी मला तीन प्रकारे सांगितले. एकाचीही खात्री करता आली नाही.

मे महिन्यात बबनची जीप गॅरेजसमोर येऊन थांबली. आत पाण्याचे ड्रम होते. बबनच्या वस्तीवर टँकर पोचत नव्हता. बबनची जीप आली तरच तिथे पाणी येई. मागच्या डाव्या चाकाचे दोन स्टड गेले होते. बबन सीटवरून उतरला नाही. हॉटेलवाला गफूर चहाची किटली घेऊन तिथेच थांबला.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "ह्याला इचारा, कसा तुटला."

मी विचारले. बबन समोर बघत म्हणाला, "त्यास्नी म्हणावं, गाडी दुरुस्त व्हईल का न्हाई तेवढं सांगा. वस्ती वाट बघायलीय."

"आता रं फौजदार?" गफूर म्हणाला.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी ड्रम एकेक करून खाली उतरवले. त्यातले पाणी सांडू दिले नाही. जॅक लावला. दोनच स्टड तुटले होते. त्यांनी चारही चाकांचे सगळे स्टड बदलले. कुणी सांगितले नव्हते. दिवस मावळायला आला तेव्हा ड्रम परत चढवले आणि मला म्हणाले, "त्याला सांगा, पाना सीटखाली हाय. आता समदे नट सुलटे फिरत्यात."

बबनने ते ऐकले होते. तरी मी सांगितले. जीप वस्तीकडे गेली.

"मिस्त्री, जबानी राहिली की," गफूर म्हणाला.

"आपोआप तुटला," मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला आत गेले. गफूर हसला. मग किटली उचलून तो हॉटेलकडे गेला.

त्यानंतर संध्याकाळी बबन स्टँडवर जीप लावून चहाला गेला, की मिस्त्री तिकडून चालत जात आणि चारही चाकांच्या नटांवरून हात फिरवून परत येत. बबन चहा लवकर संपवत नसे.

पाऊस त्या वर्षीही झाला नाही. दिवाळीनंतर बबन ऊसतोडीच्या टोळीबरोबर जीप घेऊन पश्चिमेकडे गेला. हंगाम संपला, टोळी परत आली. बबन आला नाही.

मी टोळीतल्या एका माणसाला गाठले. त्याने सांगितले, की बबनने जीप तिकडेच विकली; पाना मात्र दिला नाही. घेणारा भांडला, तरी दिला नाही. तो पाना बबनच्या खोपीत दाराशी टांगलेला आहे.

मी हे मिस्त्रींना सांगितले. ते एका हबवर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यानं सोता पाहिला का?"

मी त्या माणसाला दोनदा विचारून घेतले होते. त्याने स्वतः पाहिला होता. तसे मी मिस्त्रींना सांगितले.