पहिल्या शुक्रवारचा माणूस

आमच्या शेजारचे यशवंतराव प्रत्येक सिनेमा दोनदा पाहतात. एकदा तो लागतो त्या शुक्रवारी आणि एकदा त्याच्या पुढच्या शुक्रवारी. आवडला म्हणून नव्हे. मधल्या आठ दिवसांत कंपनीने त्यातलं काय काय काढून घेतलं, हे तपासायला. त्यासाठी ते भोकरदनहून एसटीने जालन्याला जातात. सोबत दोनशेपानी वही आणि दोऱ्याने पेनाला बांधलेली बारीक बॅटरी.

"सर, तुम्ही दुकानातून शर्ट आणला," ते मला म्हणाले होते, "अन् आठ दिवसांनी शिंपी घरी येऊन त्याचा खिसा कापून घेऊन गेला. चालन का?"

"नाही चालणार."

"मंग पिक्चरचं कसं चालून राह्यलं?"

गावातली टॉकीज बंद पडेपर्यंत ते तिथे ऑपरेटर होते. अजूनही सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणतात. पूर्वी रिळांची पेटी एकदा गावात उतरली की तिच्यावर राज्य ऑपरेटरचं. आता सिनेमा कुठून तरी हवेतून येतो आणि कंपनी मुंबईत बसल्या जागी त्याचा शेवटसुद्धा बदलते. हा अपमान ते वहीत नोंदवतात. 'नायकाच्या मित्राचं लग्न: गायब. पावसातलं गाणं: अर्धं. शेवट: नवीन. जुना बरा होता.'

सिनेमा चालू असताना त्यांना आवाज बिलकुल खपत नाही. जालन्यात त्यांनी एका पोलिसाला वेफर्सचं पाकीट बाहेर जाऊन फोडायला लावलं होतं. माझ्या घरी ते बातम्या पाहत होते आणि मला खोकला आला, तेव्हा मलाही "शू" झालं. घर माझं, टीव्ही माझा, खोकलाही माझाच.

गंमत अशी की या माणसाइतकी कात्री मुंबईतल्या कुणी चालवली नसेल. बाजाराच्या दिवशी तीनचा खेळ असायचा आणि खेड्यांकडे जाणारी शेवटची बस सहाला सुटायची. सिनेमा पूर्ण दाखवला तर निम्मं थेटर बसस्टँडवर अडकणार. म्हणून बाजाराच्या दिवशी यशवंतराव एक गाणं आणि कोर्टाचं अख्खं रीळ गाळायचे. त्या बसच्या रस्त्यावरच्या गावांत कितीतरी लोकांनी नायकाला खटल्याशिवाय निर्दोष सुटताना पाहिलं. कुणी तक्रार केली नाही. बस मिळत होती.

"ते कापणं येगळं, सर. ते पब्लिकसाठी व्हतं."

त्यांच्या पत्नी गयाबाई अशाच एका गावच्या. लग्नानंतर त्यांना कळलं की आपण पाहिलेल्या सिनेमांत गाणी आणखीही होती. "अहो, तुम्ही माझ्या माहेराला अर्धेच पिक्चर दाखवले," हा टोमणा त्यांनी जन्मभर पुरवला. त्यातला एखादा सिनेमा परत गावात आला की यशवंतराव सकाळी झाडलोटीच्या वेळी त्यांना टॉकीजमध्ये नेत आणि रिकाम्या खुर्च्यांत एकटीला बसवून तेवढंच गाळलेलं रीळ दाखवत.

गयाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. त्याच वर्षी मीही एकटा झालो, तेव्हापासून आमचा दुपारचा चहा एकत्र होतो. एका चहाला त्यांनी ते लाडवाचं सांगितलं.

दोघांनी मिळून पाहिलेला शेवटचा सिनेमा एका म्हाताऱ्या जोडप्याचा होता. म्हाताऱ्याला साखरेचं पथ्य. तो बुंदीचा लाडू टोपीखाली लपवतो, तेवढ्यात पाहुणे येतात. बायको म्हणते, टोपी द्या, धुवायला टाकते. तो देत नाही, ती ओढते आणि लाडू घरंगळत पाहुण्याच्या पायाशी जातो.

"गया अशी हसली सर, पुढच्या पाच रांगा वळून बघू लागल्या. म्या म्हनलं, गप, लोकं बघून राह्यले. मंग तिनं तोंडात पदर कोंबला."

पुढच्या शुक्रवारी गयाबाईंना ताप होता, म्हणून ते एकटेच गेले. लांबी फार झाली म्हणून कंपनीने सिनेमा कापला होता आणि त्यात लाडू गेला होता. घरी येऊन त्यांनी बातमी सांगितली. अंथरुणातून गयाबाई म्हणाल्या, "आता कळलं, आमच्या गावाला कसं वाटलं आसंल?"

त्या तापातून त्या उठल्या नाहीत.

फोनवर तो सिनेमा आला, तोही बिनलाडवाचा. यशवंतरावांनी कंपनीला पत्रं लिहिली. शुद्धलेखन तपासायला ती माझ्याकडे यायची. 'आपण आपल्या चित्रपटातून लाडू काढला आहे. तो कृपया परत घालावा.' उत्तर एकाचंही आलं नाही.

"पिक्चर काय, ढीगभर हायेत," ते म्हणाले. "पन तिला मोठ्यानं हसताना म्या शेवटचं तिथं ऐकलं. अन् म्याच गप केलं. ती जागा एकदा परत बघायचीय, बस."

गेल्या महिन्यात कंपनीने तोच सिनेमा काढलेल्या प्रसंगांसह पुन्हा फोनवर आणला. लोकांची मागणी होती म्हणे. यशवंतरावांच्या मते हा त्यांच्या पत्रांचा परिणाम, आणि मी वाद घातला नाही. दुपारी साखरेच्या डब्याला फोन टेकवून आम्ही बसलो. चहा ओतताना कपाचा आवाज झाला आणि "शू" झालं.

पाहुणे आले. टोपीची ओढाताण सुरू झाली. लाडू सुटला आणि थेट पाहुण्याच्या चपलेत जाऊन बसला. हे चपलेचं यशवंतरावांनी मला सांगितलं नव्हतं. मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो, कितीतरी दिवसांनी. मग भानावर येऊन तोंडावर हात धरला आणि "शू"ची वाट पाहिली.

यशवंतराव फोनकडे पाहतच नव्हते. वही मिटलेलीच होती. डोळे मिटून, कान माझ्याकडे करून ते बसले होते.

"हात काढा, सर," ते म्हणाले. "हसा. बराबर हितंच."