अख्ख्या मजल्याचा एक नंबर

आमच्या मजल्यावर कुणाचा गुडघा दुखायला लागला की ते डॉक्टरच्या आधी सावंतकाकांना कळायचं. कुणी सांगायचं नाही. काकांच्या मोबाइलवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात यायची. मग काका पॅसेजमध्ये येऊन दोन्ही बाजूंच्या खोल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "गुडघो कोणाचो दुखता रे?" थोड्या वेळाने कुठल्या तरी खोलीतून ओशाळं उत्तर यायचं, "माझा, काका."

यात अंतर्ज्ञान काही नव्हतं. नायगावच्या आमच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्याला मिळून एकच इंटरनेट होतं आणि ते काकांच्या नावावर होतं. राउटर त्यांच्या दारावरच्या फळीवर, गणपतीच्या फोटोशेजारी. मजल्यावर कुणीही काहीही शोधलं की जाहिरातवाल्यांना वाटायचं, हे सगळं एकाच घरात चाललंय. मग एकाची जाहिरात दुसऱ्याच्या मोबाइलवर. एकदा काकांना आठवडाभर मंगळसूत्रांचे नमुने दिसत राहिले. त्यांनी नीट पाळत ठेवली आणि माझ्या बहिणीचं कुठेतरी जमलंय हे आमच्या बाबांच्या आधी ओळखलं. बाबांनी त्यांच्याशी काही दिवस अबोला धरला आणि मग लग्नात वाढप्यांवर देखरेखीला त्यांनाच उभं केलं.

दत्ताराम सावंत मूळचे मालवणकडचे. नोकरी आयुष्यभर बसच्या कंडक्टरची. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. खोलीत एकटेच, पण दार दिवसभर उघडं आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी चालू. मजल्यावर नवी सून आली किंवा गावाहून पाहुणा आला की काका स्वतः जाऊन वायफायचा पासवर्ड सांगायचे आणि म्हणायचे, "आत सरका, जागा आहे." जागा नसायची. सगळे एकदम मॅच बघायला बसले की चेंडू बॅटजवळ येऊन थांबायचा आणि विकेट गेल्याचं आम्हाला खालच्या मजल्याच्या ओरडण्यावरून कळायचं. पण काकांनी कधी कुणाला उतरवलं नाही.

मी ऑफिसात कॉम्प्युटरच्या खात्यात आहे. एकदा हौसेने काकांना आयपी अ‍ॅड्रेस समजावायला बसलो. राउटर प्रत्येक मोबाइलला आतल्याआत वेगळा नंबर देतो, पण बाहेरच्या जगाला दिसतो तो कंपनीने दिलेला एकच, इथवर आलो तोच त्यांनी मला थांबवलं.

"म्हणजे बस," काका म्हणाले. "आत प्रत्येकाची सीट वेगळी. रस्त्यावरून बघणाऱ्याला फक्त बसचा नंबर दिसतो. आणि हा राउटर कंडक्टर. कुणी काय मागितलं ते लक्षात ठेवायचं, ज्याचं त्याला द्यायचं."

मी हो म्हणालो. याहून बरं मला ऑफिसातही कुणी समजावलं नव्हतं. त्या दिवसापासून ते राउटरकडे आपल्याच खात्यातल्या माणसाकडे बघावं तसे बघायला लागले. दुपारी त्याच्यावर ऊन यायचं तर त्याला पंच्याचा आडोसा केला. तो बंद करून चालू केला की बाहेरचा नंबर कधीकधी बदलायचा. तेव्हा काका म्हणायचे, "डेपोने दुसरी गाडी दिली."

पुढे एक भानगड झाली. मजल्यावरच्या कुणीतरी मॅचच्या तिकिटांसाठी एका साइटवर दिवसभर धडका मारल्या. त्यानंतर आमच्यापैकी कुणीही ती साइट उघडली की ती म्हणायची, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा. एकाच नंबरावरून इतकी ढकलाढकली झाल्यावर ती तरी काय करणार? काकांच्या वाट्याला आलेली परीक्षा अशी होती, की खालच्या चित्रांपैकी बस असलेली चित्रं निवडा.

"जन्म बसमध्ये गेला आणि हा मला बस ओळखायला सांगतो," काका म्हणाले आणि नापास झाले. एका चित्रातली गाडी बस नसून ट्रॅव्हल्सची आहे, हे ते सोडायला तयार नव्हते. कितीही वेळा विचारलं तरी तेच उत्तर. साइटच्या लेखी ते शेवटपर्यंत रोबोच राहिले.

मग त्यांनी सगळ्यांना पॅसेजमध्ये गोळा केलं. "खिडकीतून एक जण थुंकतो, तक्रार बसच्या नंबरावर होते. कुणी केलं ते मला सांगू नका. पण बाहेर आपण सगळे एक आहोत, एवढं ध्यानात ठेवा." समोरच्या खोलीतल्या शालनताईंचा नवरा तेवढ्यात मोजे शोधायला आत गेला. बाकी सगळ्यांनी माना हलवल्या.

मग चाळ पाडायची वेळ आली. सगळे खूश होते, मीसुद्धा. घरात संडास येणार म्हटल्यावर आठवणीबिठवणी सगळं दुसऱ्या नंबरावर जातं. काकांना मात्र एकच घोर लागला. चाळीच्या जागी होणाऱ्या टॉवरमधली घरं चिठ्ठ्या टाकून मिळणार होती, म्हणजे आमचा मजला वरखाली विखुरणार होता. विखुरला तरी कनेक्शन एकच ठेवायचं, असं त्यांनी दारोदार जाऊन कबूल करून घेतलं. सगळे म्हणाले, "हो काका." आम्ही काकांना नेहमीच हो काका म्हणायचो.

काकांना घर चौथ्या मजल्यावर मिळालं, आम्हाला सोळाव्या, शालनताईंना एकविसाव्या. तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. लांब वायर लावून राउटर हातात घेऊन ते जिन्यात उभे राहिले आणि मोबाइल घेऊन मला वर पाठवलं. सहाव्या मजल्यावर रेंज संपली.

"काका, गेलं," मी वरून सांगितलं.

"अजून दोन पायऱ्या चढून बघ," ते खालून म्हणाले.

दोन पायऱ्या चढून काय येणार होतं? पण चढलो.

नंतर एका कंपनीचा माणूस स्वस्तातली योजना घेऊन आला आणि आठवडाभरात ज्याने त्याने आपापलं कनेक्शन घेतलं. आम्हीही. बायको म्हणाली, मुलीचे क्लास ऑनलाइन असतात, काकांच्या गाडीची वाट किती बघणार? तिचं खरं होतं. शेवटी काकांनीही त्याच कंपनीचं आपलं एकट्याचं घेतलं.

मी अधूनमधून खाली जायचो. टॉवरमध्ये सगळ्यांचीच दारं बंद असतात, त्यांचंही बंद असायचं. एकदा त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "बघ. आता सगळ्या जाहिराती माझ्याच. कानाचं मशीन, गुडघा, चारधाम. कुणाच्या घरात काय चाललंय, काही पत्ता नाही." मला फार वाईट वाटलं. चहा पिऊन वर आलो.

गेल्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "विज्या, लगेच खाली ये. मला परत रोबो म्हणतायत."

तक्रार होती, पण आवाज खुशीतला होता. गेलो तर दार उघडंच. काका म्हणाले, "मी एकटा माणूस. हवामान बघतो, नाटकांच्या वेळा बघतो. माझ्या एकट्याच्याने एवढी बदनामी होणार नाही. गाडीत आणखी कुणीतरी आहे."

मी राउटर तपासला. त्यावर त्यांच्या मोबाइलशिवाय काही नव्हतं. मग कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं, की सगळ्यांना पुरतील एवढे नंबरच उरलेले नाहीत, म्हणून हल्ली कंपनी आसपासच्या बऱ्याच घरांना मिळून बाहेरचा एकच नंबर देते.

खात्री करायला मी सोळाव्या मजल्यावर बायकोला फोन केला. आपला बाहेरचा नंबर दाखवणारं एक पान असतं, ते उघडून वाच म्हटलं. काकांच्या मोबाइलवर तेच पान माझ्यासमोर होतं. ती एकेक आकडा वाचत गेली आणि मी बोटाने जुळवत गेलो. शेवटपर्यंत जुळला.

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "परत वाच गो," म्हणाले. तिने परत वाचला. ते पलंगावर बसले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

"म्हणजे आपण एकाच गाडीत आहोत," ते म्हणाले. "इतके महिने. आणि मी आपला स्टॉपवर उभा."

मग त्यांनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. जेवण झालं का, पोरं कशी आहेत, मग ते पान उघड, नंबर वाच. दोन घरांचा नंबर वेगळा निघाला, त्यांची कंपनी दुसरी होती. काका जरा हिरमुसले, पण म्हणाले, "असू दे. मागच्या गाडीने येतायत." बाकी सगळ्यांचा तोच. मी म्हटलं, "काका, एका कंपनीचे आहेत, तोच येणार. पुन्हा पुन्हा कशाला वाचून घेताय?"

त्यांनी मला हाताने गप्प केलं. फोनवर शालनताई होत्या. त्यांचा नंबर वाचून केव्हाच झाला होता. आता त्या सासूच्या मोतीबिंदूबद्दल, मुलाच्या नव्या नोकरीबद्दल, एकविसाव्या मजल्यावर कसं करमत नाही त्याबद्दल सांगत होत्या. काका फोन कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून ऐकत होते आणि त्या जरा थांबल्या की म्हणत होते, "हं. पुढे?"